पहिल्या खुणेपाशी थांबलेली टेप

मेहुणेबुवांना सप्रेम नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? (माझे फारच बोलके झालेत.)

घर्रर्र… खट्! आठवतो का आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या टेपयंत्राचा तो आवाज? त्या ठेक्यावर मी मनात शाळेतल्या कविता म्हणायचो, आणि त्याच तंद्रीत ड्रायव्हर, म्हणजे टेप वाचून देणारा प्रोग्राम, लिहिला. (तंद्रीचा मुद्दा ध्यानात ठेवा, बचावाला तेवढाच आहे.) पुढे दोनशे बारा कविता आठवून आठवून टाइप केल्या, तुम्ही त्या टेपवर चढवल्या, आणि मी वाचायला गेलो तर हाती नुसती अनुक्रमणिका! भर कॅन्टीनमध्ये मी तुमच्यावर कविता पुसल्याचा आळ घेतला. तुम्ही एवढंच म्हणालात, "भावोजी, मी सगळ्या चढवल्यात." त्यानंतर बावीस वर्षं आपलं बोलणं "पाणी हवंय का" याच्या पुढे गेलं नाही.

परवा एका अनोळखी इंजिनिअरबाईंचा ईमेल आला. त्या जुने ड्रायव्हर दुरुस्त करतात. माझ्या ड्रायव्हरमधल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं, हे मुद्दाम लिहिलंत का? मी संतापून दोन पानी उत्तर खरडलं आणि पाठवण्याआधी (नशीब!) ती ओळ वाचली. टेपवर प्रत्येक फाइलनंतर एक खूण असते. लागोपाठ दोन खुणा आल्या, तरच मजकूर संपला. माझा शहाणा ड्रायव्हर पहिल्याच खुणेला सगळं संपलं समजून रीळ मागे गुंडाळायचा. पहिलं कडवं होताच पुस्तक मिटणाऱ्या पोराला मी अंगठे धरायला लावले असते!

दुरुस्ती तीन ओळींची. ऑफिसने भंगारात काढल्यावर मी घरी आणलेलं मागच्या खोलीतलं यंत्र काल पुसून सुरू केलं, तीच टेप लावली. अनुक्रमणिका, खूण, आणि पुढे दोनशे बाराच्या दोनशे बारा कविता! सगळ्यांच्या शेवटी तुमची ओळ: "भावोजी, चौथीतली ती नदीची मलाही अजून पाठ आहे." चष्मा पुसायला मला बराच वेळ लागला.

चुकलो, मेहुणेबुवा.

तुमचा,
भावोजी

ता. क. पत्राचं खरं कारण: हे तुमच्या बहिणीला कळू देऊ नका. "केलेलं पुसायची सवयच आहे तुमच्या घरात," हे तिला मी बावीस वर्षं ऐकवलंय.

ता. क. दुसरा. बेल वाजली म्हणून खिडकीतून डोकावलो, तर दारात काठी टेकून तुम्ही! काल मला यंत्रापुढे डोळे पुसताना पाहून हिनेच फोन केलेला दिसतो. दार उघडून म्हणतेय, "ये दादा, आत ये. आज यांना काहीतरी सांगायचंय." तोंडाने जमेलसं वाटत नाही. हे पत्रच तुमच्या हातात देतो.