देव्हाऱ्यातलं तेल

नागाओका, ता. १० जानेवारी १९५३

ती. सौ. किनुताईस, धाकट्या तोकुजीचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. इकडे छपरापर्यंत बर्फ आहे. मामांच्या दुकानात कोळशाची पोती उचलतो. मामी म्हणते, विमानवाला जमिनीवर आला.

मी खेळण्यांचा कारखाना सोडून का निघालो ते तुला नीट सांगितलं नव्हतं. किल्ली दिली की पंखा फिरावा आणि टेबलाची कड आली की विमानाने आपणच वळावं, म्हणजे पोरांचं खेळणं पडून मोडणार नाही, यासाठी दीड वर्ष चित्रं काढली. पण सहाशे विमानं परत आली. पंखा अर्धा फेरा घेऊन थांबे. आतल्या चाकांच्या दात्यांचं माप माझंच चुकलं, असं ओनुकी मालकांना सांगून आलो. आता पेन्सिल धरायची नाही.

भावोजींचा खोकला कसा आहे? राग नसावा, माया असू द्यावी.

तोकुजी

टोकियो, ता. १६ जानेवारी

चि. तोकुजीस अ. उ. आ.

ह्यांचा खोकला तसाच आहे. नोबुकोला दात आला.

तुझं माप चुकलं नव्हतं रे, चुकले मी. ती विमानं स्प्रिंगांना तेल लावायला आम्हा गल्लीतल्या बायकांकडे घरी दिली होती ना, तेव्हा कारखान्याची डबी मध्येच संपली. पुन्हा मागितली तर माल आणणारा हातगाडीवाला म्हणणार, बाई, तेल पिता की काय. म्हणून बुद्धापुढच्या दिव्याचं मोहरीचं तेल घातलं. देवाचं तेल, पोरांच्या खेळण्याला वाईट कसं होईल, अशी मनाची समजूत घातली. थंडीत त्याचा गोंद झाला.

परत आलेलं एक विमान मी तेव्हाच उघडून पाहिलं होतं. तरी स्टेशनवर तुला भाताचे गोळे बांधून दिले आणि तोंडातून शब्द काढला नाही. रोज जपाला बसते, पण नाम ओठांच्या आत जात नाही.

मी आशीर्वाद देण्याच्या लायकीची राहिले नाही, तरी देते.

किनु

नागाओका, ता. २२ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

पहिलंच विमान उघडलं तेव्हा आईच्या देव्हाऱ्याचा वास आला होता. मला ठाऊक होतं. मालकांना कळतं तर तुझंच नव्हे, शेजारच्या हारुकाकूंचं आणि अख्ख्या गल्लीचं काम गेलं असतं. मी एकटा, कोळशावरही जगेन. तू गप्प राहा. हे पत्र चुलीत टाक.

तुझा, तोकुजी

टोकियो, ता. ३ फेब्रुवारी

चि. तोकुजीस अ. उ. आ.

पत्र चुलीत टाकलं नाही, ओनुकी मालकांपुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, सगळी विमानं रॉकेलने धुऊन द्या, गल्लीचं काम चालू राहील. आता हात भेगाळलेत. न बोलावता बायका मदतीला येतात. हारुकाकू विचारते, आता देवापुढे रॉकेल जाळणार का? मी पुढचं विमान धुवायला घेते. धुतलेल्या विमानांचे पंखे फिरतात, ते बघवत नाही.

तुझ्याविषयी म्हणाले, मापात चुकणारा चालेल, माझ्याशी खोटं बोलणारा कसा चालेल? ते खोटंही माझ्यामुळेच, हे मी सांगितलं. तेव्हा म्हणाले, सोमवारी त्याने स्वतः यावं.

तर ये. चूक नसताना माफी मागितलीस. आता चूक आहे, तर माग.

थोडी माया उरली असेल तर ती राखावी.

तुझी ताई, किनु