लावून ठेवलेला उजेड

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझा चेहरा बघायचाय म्हणालास, म्हणून ह्यांच्या कॅमेऱ्याला टायमर लावून स्वतःचे फोटो काढले. संध्याकाळी दिवाणखान्यातला काळा ठिक्कर पडलाय. दुपारी गच्चीतला चुना फासल्यासारखा. तू फोटो स्टुडिओवाला, ह्यांना मॅन्युअलचं, सगळे आकडे हाताने लावायचं वेड तूच लावलंस. आता निस्तर.

मी बरी आहे. काल दूध उतू गेलं, मी शेजारी उभी राहून बघत होते. हे जाऊन दोन महिने झाले, तरी येईल तो विचारतो, रडलीस का. माझ्या रडण्याची हजेरी घ्यायचीय का?

फोन करू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. लोभ वाढवायची गरज नाही, आहे तेवढा टिकव.

तुझी,
ताई

१० मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

फोटो मिळाले. काळा बघून बायको विचारते, वन्सं नक्की कुठल्या कोपऱ्यात आहेत. कॅमेऱ्यावरची गोल चकती 'एम'वर आहे, ती 'ऑटो'वर फिरव. किती उजेड घ्यायचा ते कॅमेरा बघेल. ऑटो म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास, असं भावोजी म्हणायचे. पण मला तू दिसायला हवीस. तुझ्या शेजारच्या काकू सांगत होत्या, तू हल्ली कुणावर ओरडतसुद्धा नाहीस. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

रागावून का होईना, लिही.

तुझा,
धाकटा

१६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

चकतीला मी हात लावणार नाही. आज उजेड बघून आकडे लावायचे आणि फोटो उद्या त्याच वेळी काढायचा, ही ह्यांची खोड तुला ठाऊक आहे. शेवटच्या दिवशीही काहीतरी लावून कॅमेरा कपाटात ठेवला. कार्ड रिकामं होतं. ह्यांचे कपडे देऊन टाकले, चष्मा दिला, मला काही वाटलं नाही. आता ह्यांनी हाताने लावलेलं एवढंच उरलंय. तेही पुसू म्हणतोस?

शटर ६०, अ‍ॅपर्चर ४, आयएसओ ४००. नीट वाचलेत. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आकडे वाचायला तरी शिकवलंय.

जेवते आहे. चव विचारू नकोस.

ताई

२२ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

चकती ऑटोवर नेऊन परत 'एम'वर आणलीस की आकडे जसेच्या तसे असतात, पुसत नाहीत. तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून राहू दे. पण हे आकडे गच्चीचे नाहीत, बागेचेही नाहीत. हा घरातला, खिडकीशेजारचा, दिवसाचा उजेड आहे. काही न बदलता खोल्याखोल्यांतून फोटो काढत फिर. जिथला नीट येईल, तिथलाच काढायचा होता त्यांना.

मला कळव. वाट बघतोय.

धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तीन दिवस वेड्यासारखी घरभर फिरले. स्वयंपाकघर मळकट आलं, झोपायची खोली काळी. शेवटी मागच्या खोलीत, सकाळच्या चहानंतर, इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून काढला. वेताची वीण न् वीण दिसतेय. खिडकीजवळची माझी खुर्ची. रोज त्याच वेळी तिथे बसून मी पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे आणि पेपरवाल्यांच्या चुका काढायचे. खुर्ची रिकामी आलीय.

तरी रडू आलं नाही. कॅमेरा टेबलावर ठेवला, टायमर लावला, जाऊन बसले. आणि ह्यांचा असा काही राग आला म्हणून सांगू! माझाच फोटो काढणार होते, हे आधी सांगितलं असतं तर केस तरी विंचरले असते. चोरून उजेड मोजणाऱ्या ह्या माणसाशी जवळजवळ तीन महिने मनातल्या मनातही भांडले नव्हते, ते सगळं भांडून घेतलं.

फोटो सोबत आहे. कपाळाला आठ्या आहेत, त्या माझ्याच. मग चकती ऑटोवर नेऊन परत आणली. आकडे होते. तुझं एकदा तरी बरोबर निघालं.

आता फोन केलास तरी चालेल. मधे बोलू नकोस.

तुझी,
ताई