उजव्या पायाचा अंगठा आणि शुक्रवारची बैठक

ती. टोर्बियोर्गताईस,
धाकट्या ओडवारचा नमस्कार.

तुझ्या गुडघ्याला यंदाची थंडी मानवत नाही, हे मला पेडरभावोजींकडून कळलं. तुझ्याकडून कधीच कळलं नसतं. मेंढरं डोंगरावरून उतरली का? गेल्या वर्षी वरच राहिलेली ती हट्टी मेंढी या खेपेला आपल्या पायांनी आली, की भावोजींना पुन्हा खांद्यावरून आणावी लागली? मी बरा आहे. देवाच्या कृपेने भूक लागते, झोप येते, आणि प्रार्थनाघरात कॉफी करायची पाळी महिन्यातून एकदाच येते. (माझ्या कॉफीमुळे मंडळी जास्त मनापासून प्रार्थना करतात असं पाद्री म्हणाले. मी ते कौतुक म्हणून घेतलं.) फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला अडवून सल्ला देतेस, आणि मला सांगायचं आहे ते चाळिसाव्या वाक्याच्या आसपास आहे.

तर एका मंगळवारी सकाळी मी मोज्यांच्या खणापुढे बराच वेळ उभा होतो. एकट्या माणसाच्या धुण्यात मोजे कुठे जातात, यावर मी पुष्कळ चिंतन केलं आहे, पण हाती काही लागलेलं नाही. खणात दोनच उरले होते. एक करडा, तू विणलेला, अंगठ्यापाशी भोक पडलेला; आणि एक लाल, नाताळातला, रेनडियरचं चित्र असलेला. आज त्या दोन मुलींना ऑफिसातच भेटायचं आहे, बूट काढायचा प्रश्न नाही, असा विचार करून मी दोन्ही चढवले आणि निघालो. वीस वर्षं लहान मुलांच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या माणसाने असं करू नये. या कामात काय काय यावं लागतं, असं नवे लोक मला विचारतात तेव्हा मी ऐकून घेणं, धीर, कायदा वगैरे सांगतो. खरं उत्तर धड मोजे हे आहे. परक्याच्या दाराशी बूट काढून उभा राहिलेला सरकारी माणूस शेवटी मोज्यांवरूनच ओळखला जातो.

अर्ध्या वाटेवर ओसेबाईंचा फोन आला. या दोघी बहिणी तात्पुरत्या त्यांच्याकडे राहतात. (थोरलीला ट्युवा म्हणू, वय नऊ, धाकटीला इबेन, वय पाच. नावं मी बदलली आहेत, कायदा आहे. आई आजारी आहे आणि निदान दोन वर्षं तरी तिला मुलींना सांभाळता येणार नाही, एवढंच मला सांगता येतं.) इबेनला सर्दी झाली होती, तेव्हा मीच घरी यावं, असा निरोप. मी दाराशी पोचलो, बूट काढले, आणि ओसेबाई माझ्या पायांकडे बघून फक्त "अरे बापरे" म्हणाल्या.

ट्युवा तीन भेटींत माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. शुक्रवारी बैठक होती आणि तीत दोघींना दोन वेगळ्या खोऱ्यांतल्या दोन घरी पाठवायचं जवळजवळ ठरलेलं होतं, कारण प्रत्येक घरात एकाच मुलीला जागा होती. त्याआधी मुलींचं म्हणणं लिहून घेणं माझं काम. आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय: मुलाच्या नजरेच्या खाली बसावं, एका श्वासात दोन प्रश्न विचारू नयेत, शांततेला घाबरू नये, आणि पाळता येणार नाही ते वचन देऊ नये. मी जमिनीवर बसलो. (तिथून उठायचं कसं, हे प्रशिक्षणात नव्हतं.) मग अस्वलांची चित्रं मांडली. रागावलेलं अस्वल, लाजलेलं अस्वल, एकटं बसलेलं अस्वल; मुलाने आपल्यासारखं वाटेल ते उचलायचं, अशी पद्धत आहे. ट्युवाने सगळी अस्वलं नीट पाहिली आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हणाली, "ज्याने काढलीत त्याला नाक जमत नाही."

मी हे वहीत लिहावं की नाही या विचारात असताना इबेन शिंकली, वाकली आणि ओरडली, "ए, ह्याचा अंगठा बाहेर आलाय! त्याला थंडी वाजत असेल!" तिने बाहुलीची टोपी आणून माझ्या अंगठ्याला घातली. लाल टोपी, वर गोंडा. ताई, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एखाद्या अवयवाची एवढ्या मायेने कुणी चौकशी केली. ट्युवा हसू दाबत होती, ते नाकातून बाहेर पडलं. मग ती उठली, ओसेबाईंचा सुईदोऱ्याचा डबा घेऊन आली आणि मोजा पायात असतानाच रफू करायला बसली. "हलू नकोस. हललास तर टोचेल." हललो नाही, तरीही टोचलं.

हात कामात आणि नजर खाली असली की माणूस बोलतो, हे मला वीस वर्षांत कळायला हवं होतं. तिने सुईकडे बघतच विचारलं, "आम्हाला दोन घरी ठेवणार ना?"

मी म्हटलं, "तसं ठरत आलंय."

"इबेनला माझा कान धरल्याशिवाय झोप येत नाही. ते लिहिलंयस वहीत?"

"नाही."

"मग लिही ना! कशाला आणतोस वही?"

मी लिहिलं. तिने ते दोनदा वाचून घेतलं, "डावा कान" असं नेमकं करायला लावलं, आणि मग दोरा दाताने तोडला.

शुक्रवारी बैठकीत मी ते वाक्य जसंच्या तसं वाचलं. मुलाचं म्हणणं मुलाच्याच शब्दांत मांडावं, असा नियम आहे. कायदे बघणाऱ्या साहेबांनी विचारलं, झोपायला कान लागतो, तर दुसऱ्या कुणाचा चालणार नाही का? मी म्हटलं, आपला देऊन बघा, साहेब. आमच्या मुख्य गुनवोरबाईंनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिल्या. शेवटी दोघींना मिळून एक घर शोधायला मला तीन आठवडे मिळाले.

मी मंजूर घरांची यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. एका घरी तीन कुत्री, आणि इबेनला कुत्र्यांनी दम लागतो. एका घरच्या बाईंना फक्त धाकटी हवी होती, कारण "मोठ्या मुलींना मतं असतात." रविवारी प्रार्थनाघरात मी देवाकडे खूण मागितली. थर्मास गळून माझी पँट भिजली, तेवढंच झालं. वडील म्हणायचे, खूण मागणाऱ्याला उत्तर बहुधा आधीच ठाऊक असतं. कॉफी पुसताना मला आपली शाळा आठवली, दोन खोल्यांची, आणि आई इस्पितळात होती तो हिवाळा. आपण वेगळ्या वर्गांत असूनही मास्तरीणबाईंनी आपल्याला दोघांना एकाच खोलीत ठेवून घेतलं होतं. रात्री घरी कुणाची वेणी धरून मला झोप यायची, ते तुला सांगायला नको. (ती वेणी तू पुढे मला न विचारता कापलीस. मी अजून विसरलेलो नाही.)

तर असं आहे. थंडी वाढते आहे, तेव्हा मोज्यांचे दोन जोड विणून पाठवलेस तर उपकार होतील. माप तेच. अंगठ्यापाशी दुहेरी वीण घाल.

तुझा,
ओडवार

ता. क. मोज्यांची घाई नाही.

ता. क. २. चाळिसावं वाक्य मागेच होऊन गेलं, आणि मी धीर न होऊन मोजे मागितले. चार हिवाळ्यांपूर्वी तू आणि भावोजींनी दुसऱ्यांची मुलं घरी सांभाळण्याचं प्रशिक्षण पुरं केलंत. मंजुरीचा कागद तुझ्या स्वयंपाकघरात वाफल्सच्या साच्याखाली आहे, मी पाहिला आहे. "आता वय झालं" असं भावोजी म्हणतात, पण मेंढी खांद्यावर घेऊन ते अजून डोंगर उतरतात. वरच्या खोलीत दोन पलंग आहेत. गुरुवारी बारा वाजता गुनवोरबाई तुला फोन करतील. नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हण. मला वाईट वाटेल म्हणून हो म्हणू नकोस. तुमच्या घराबद्दल मुलींना कुणी काही सांगितलेलं नाही. हे पत्र टपालात पडण्याआधी गुनवोरबाई वाचणार आहेत. कुठे काळं केलेलं दिसलं तर ते त्यांचं काम.

ता. क. ३. माझ्या बहिणीच्या घराचा विचार व्हायचा असेल, तर या कामावर मला राहता येत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी तुझं नाव टाळून यादी खालून वर पाहत बसलो. ट्युवा माझ्याशी बोलली, हा मला माझा विजय वाटत होता. (होता अंगठ्याचा.) काल तिला सांगितलं, यापुढे गुनवोरबाई येतील. "कंटाळलास?" म्हणाली. नाही, नियम आहे, म्हटलं. "मग मोजे कोण शिवणार तुझे?" "तूच" हे ओठांवर आलेलं मी गिळलं, कारण पाळता येणार नाही ते वचन देऊ नये.

आज सकाळी साडेआठला मी फाईल गुनवोरबाईंच्या टेबलावर ठेवली आणि माझं नाव खोडून सही केली. त्या म्हणाल्या, "बहिणीला विचारलंस का?"

म्हटलं, "आजच्या टपालाने विचारतो."