काठावरची माणसं

५ ऑक्टोबर १९९७, रविवार. कुंडल

शेवटी निमिषला आमच्या घरी आणलंच! एसटीत मागच्या सीटवर बसून हाडं खिळखिळी झाली त्याची. सांगलीचा पोरगा, कॉलेजपासूनचा मित्र, पण खेडं म्हणजे त्याला अजून सहलच. आईनं वाढताना तीनदा विचारलं, तिखट चालतं ना. डोळ्यांतून पाणी काढत हा म्हणतो, चालतं.

जेवणानंतर आबांनी फळी मांडली. जुन्या दाराची फळी, खाली पलटणीतल्या दोन काळ्या ट्रंका. वर आमचा वेताळमाळ. दिवाळीच्या किल्ल्यातली मातीची चित्रं उरायची, त्यांतून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फौजेतून सुट्टीवर आले असताना हा खेळ काढला. मी पहिलीत होते तेव्हा. एकीकडे नागांची फौज, दुसरीकडे वेताळांची, मधे ओढा. चाल मोजायला गाठी मारलेली दोरी. घाव बसला की नाही ते कवड्या ठरवतात. माणसांविरुद्ध माणसं का नाहीत, असं निमिषनं विचारलं. आबा म्हणाले, "त्ये खेळून झालंय."

त्यांच्या हाताला कंप सुटल्यापासून त्यांची चित्रं मीच हलवते. ते हनुवटीनं दाखवतात. एकेका चालीला चहा गार होईपर्यंत विचार करतात आणि मग मला हरवतात — नेहमी!

हाच खेळ कॉम्प्युटरवर उतरवायचा म्हणून निमिष नियम टिपून घेत होता. दोन ठिकाणी अडला. मेलेलं चित्र आबा डब्यात टाकत नाहीत, फळीच्या काठावर उभं करतात, तोंड लढाईकडे. आणि एक चित्र तर डाव सुरू व्हायच्या आधीपासूनच काठावर असतं. मान चिकटवलेला, रंग उडालेला एक शिपाई. हा पंच का, निमिषनं विचारलं. मीही लहानपणापासून तेच समजत आलेय. आबांनी नुसत्या कवड्या खुळखुळवल्या. म्हणाले, चाल क्रांतीची हाय, म्हणजे माझी.

९ ऑक्टोबर. सांगली

निमिष चाली काढून टाकायच्या म्हणतो! आम्ही ज्यांना खेळ विकायचा म्हणतोय त्या पुण्याच्या कंपनीला पाळीपाळीचा खेळ नकोच आहे म्हणे. बाहेरच्या देशांत आता सगळे एकाच वेळी हलतात, कुणी कुणासाठी थांबत नाही. खऱ्या लढाईत काय आळीपाळीनं मारतात का — हा त्याचा मुद्दा. मुद्दा बिनतोड, म्हणून जास्त राग आला.

पण फळीवर समोरच्याची चाल चालू असते तेव्हा आपल्याला काही काम नसतं. खेळ त्या रिकाम्या वेळातच असतो असं मला वाटतं. आबा त्या वेळात खिडकीबाहेर उसाकडे बघतात. हे प्रोग्रॅममध्ये कसं लिहायचं? निमिष म्हणाला, लिहायचंच नाही.

शेवटी मी हो म्हणाले. पुण्यानं खेळ घ्यावा, नोकरी द्यावी असं मलाही वाटतंच की. नाहीतर आहेच जन्मभर क्लासातल्या पोरांना टायपिंग शिकवणं.

१९ ऑक्टोबर

नाग चालले! मी काढलेले नाग, माझ्या रंगाचे, पडद्यावर आपले आपण निघाले. मातीचं चित्र कुणी उचलल्याशिवाय जागचं हलत नाही. हे निघाले! निमिषच्या माडीवर आम्ही दोघं खुळ्यासारखे टाळ्या पिटत होतो. खालून प्रमोदिनीकाकू, म्हणजे त्याची आई, ओरडल्या, काय पडलं रे?

५ नोव्हेंबर

मिरजेला डॉक्टरांना दाखवून येताना आबांना निमिषच्या माडीवर घेऊन गेले. किती दिवस वाट बघत होते मी या दिवसाची. वाईट झालं.

त्यांनी माऊसवर हात ठेवला आणि पडद्यावरचा बाण थरथरायला लागला. एका नागावर नेईपर्यंत तो नाग पुढं गेलेला. तिकडून वेताळ आले. आबा बाण सावरतायत, तोवर फौज आडवी. मी हात धरायला गेले तर त्यांनी झटकला. आणि पडलेले नाग क्षणभर पडून राहायचे अन् नाहीसे व्हायचे. निमिषनं तसं लिहिलंय, मशीनवर भार नको म्हणून.

आबांनी पडद्याचा काठ चारी बाजूंनी बघितला.

"माणसं कुटं गेली?"

निमिषनं मेमरीचं समजावून सांगितलं. चांगलं समजावलं त्यानं, आदरानं. आबांनी ऐकून घेतलं, टोपी घातली, म्हणाले गाडीची येळ झाली. एसटीत कुंडल येईपर्यंत हात मांडीखाली दाबून बसले होते.

९ नोव्हेंबर, रविवार. कुंडल

फळी माळ्यावर गेली. आई सांगत होती, त्यांनी स्वतः शिडी लावली. मी म्हटलं, आबा, मांडू या ना, मी आहे हलवायला. म्हणाले, आता खेळ तुमच्या डब्यात गेला, तिकडंच खेळा. रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर भांडता आलं असतं.

दिवसभर ओसरीवर नुसते बसून. पुण्याचं व्हायचं ते होऊ दे, मला आबा परत खेळायला हवेत.

११ नोव्हेंबर

निमिषशी कडाक्याचं भांडण. मेलेले काठावर उभे करायचे म्हटलं तर म्हणतो, मेल्यावर त्यांचं काय काम आहे? मी म्हटलं, बघणं! खेळाला बघणारी नकोत, खेळणारी हवीत म्हणे. मी त्याला भटजी म्हणाले, तो मला सुभेदारीण. काकूंनी पोहे आणले तरी कुणी हात लावला नाही.

१२ नोव्हेंबर

अबोला.

१३ नोव्हेंबर

अबोला. पोहे मात्र आज खाल्ले.

२३ नोव्हेंबर

झालं! माझं मीच लिहिलं. एखादा पडला की पडद्याच्या कडेला जाऊन उभा राहतो, तोंड आत. आणि तो पहिला, मान चिकटवलेला, सुरुवातीपासूनच काठावर. त्याची मानही मी वाकडीच काढलीय.

पण निमिषचं खरं ठरलं. काठावर गर्दी झाली की मशीन जड होतं. वेताळ धावायचे ते चालायला लागतात, चालायचे ते रेंगाळतात. शेवटी शेवटी तर लढाई चिखलातून चालल्यासारखी. निमिष पोट धरून हसला. "तुझी मढी मशीन मागं ओढतायत!" खेळाचा वेग मशीनच्या घड्याळाशी बांधून घेतला तर सुधारेल, संध्याकाळपर्यंत करतो म्हणाला.

मी त्या रेंगाळणाऱ्या नागाकडे बघत राहिले. बाण सावकाश नेला, मुद्दाम थरथरवत. नाग तिथंच होता.

म्हटलं, निमिष, याला हात लावू नकोस. पुण्यासाठी वेगळं कर, हे असंच राहू दे.

आधी वेड लागलंय का म्हणाला. मग मी नुसता माझा हात हलवून दाखवला, आबांचा हलतो तसा. बरं म्हणाला.

१२ डिसेंबर

पुण्याची माणसं येऊन गेली. खूश! घेणार म्हणतात. निमिषनं त्यांच्यासाठी काठ स्वच्छ केला होता, फक्त तो पहिला शिपाई चुकून राहिला. एका साहेबांनी बोट ठेवलं — लढाई सुरू व्हायच्या आधीच एक मेलेला कसा? चूक राहिलीय ही. निमिषनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काढतो आम्ही. काढला.

मला नोकरी मिळेल, मला आनंद झालाय. दोन्ही खरं आहे. तरी घरी येताना कुणाशी तरी खोटं बोलून आल्यासारखं वाटत होतं.

१७ डिसेंबर

निमिषकडे नवीन मशीन आलं. सहज म्हणून माझा खेळ त्यावर लावला. काठ भरला तरी वेताळ सुसाट! याला कितीही मेले तरी फरकच पडत नाही. माझं तोंड उतरलेलं त्याला दिसलं असणार. म्हणाला, जुनं मशीन तू घेऊन जा कुंडलला, ते तुमच्याच कामाचं आहे. भटजी म्हणाले होते ते मनातल्या मनात परत घेतलं.

२१ डिसेंबर, रविवार. कुंडल

दुधाच्या टेम्पोतून मशीन आणलं, गोधडीत गुंडाळून. आईनं हळदकुंकू वाहिलं. आबा लांबून बघत होते. त्यांना बोलावलं नाही. त्याच काळ्या ट्रंकांवर मशीन मांडलं, खेळ लावला आणि चहा करायच्या निमित्तानं उठले.

परत आले तर माऊस त्यांच्या हातात.

सुरुवातीला मागच्यासारखंच. बाण थरथरतोय, नाग पडतायत. पण पडणारा काठावर जाऊन उभा राहतोय. एक, मग दुसरा, मग आख्खी रांग. आणि मशीन जड व्हायला लागलं. वेताळ मंदावले. आबांचा बाण कापत कापत एका नागापर्यंत गेला — पोचला! त्याला ओढ्याकडे धाडला. मग दुसऱ्याला. खिडकीबाहेर बघून थोडा विचार केला. मग तिसऱ्याला. शेवटी वेताळ ओढ्यात कोंडले, फळीवर मला कोंडायचे तसेच!

मी सांगायला लागले, आबा, मशीन जुनं आहे, त्यामुळं हळू होतंय. त्यांनी मान हलवली.

"न्हाई गं पोरी. ह्ये बराबर हाय. माणसं पडाय लागली की येळ असाच जड हुतो."

मग वीज गेली. कुणीच उठलं नाही. चहा गार झाला होता, तोच प्यायलो.

२८ डिसेंबर. कुंडल

आबा रोज खेळतात, आई सांगते. जेवायला हाका माराव्या लागतात म्हणून कुरकुरते आणि हसते.

आज मी विचारलंच. तो पहिला कोण?

जोतिबा, म्हणाले. आटपाडीकडचा, त्यांच्याच पलटणीतला. एकाहत्तरची लढाई सुरू व्हायच्या आदल्या सांजेला ट्रक उलटला, त्यात गेला. 

"त्याची चाल आलीच न्हाई गं कवा."

वीस वर्षं मी त्याला पंच समजत होते.

४ जानेवारी १९९८, रविवार. कुंडल

आबा सकाळी म्हणाले, त्याला आत घे. घेतला, नागांच्या पुढं. काठ रिकामा. खेळ सुरू केला आणि माऊस त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी हात मांडीवरच ठेवला. जोतिबा क्षणभर उभा होता, मग वाकड्या मानेनं आपला आपण चालायला लागला.