बाळाचे नाव ठेवण्याबाबत

मी, सुपडूलाल इंदरचंद छाजेड, वय ७४, धंदा भांड्यांचे दुकान, राहणार पारोळा, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. कारण येत्या सोमवारी नाशिकला माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. पण धंद्यात पन्नास वर्षे काढली आहेत, ‘काळजी नको’ म्हणणाऱ्याशी मी लेखी व्यवहार करतो. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा धाक नाही. जिचा होता ती माझी पत्नी चार वर्षांपूर्वी गेली.

१. दुकान, त्यातील माल व वरचे राहते घर ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. ती माझा एकुलता मुलगा चि. मनन यास मिळावी. तो जळगावला कॉम्प्युटरवर काम करतो, दुकान चालवणार नाही हे मला माहीत आहे. त्याने विकले तरी माझी हरकत नाही. फक्त गिऱ्हाइकाला घासाघीस करू द्यावी, लोक त्यासाठीच येतात.

२. दुकानामागची खोली आणि भांड्यांवर नावे घालायचे यंत्र किरण यास द्यावे. किरण माझ्याकडे कामाला आहे आणि त्याचे अक्षर माझ्यापेक्षा सरळ आहे. पण देण्याचे खरे कारण त्याची आजी भिकुबाई. आम्ही मारवाडी, ती समोरच्या घरातली शेतकरीण. माझ्या आधी माझ्या आईची, चंद्रकांताबाईची, दोन मुले बारशाआधीच गेली होती. मी झालो तेव्हा भिकुबाई सूप घेऊन आली, मला त्यात घातले, उंबऱ्याबाहेर ओढत नेले आणि आईच्या पदरात सूपभर ज्वारी टाकून म्हणाली, ‘‘हाऊ आते मना शे. नाव सुपडू.’’ म्हणजे हा आता तिचा; पोर परक्याचे झाले की मृत्यू त्याला ओळखत नाही, असा तिचा हिशेब. माझ्या लग्नात आईने तिला लुगडे देऊन मला रीतसर परत मागितले. भिकुबाई लुगडे नेसली, पण मला काही परत दिले नाही. तेव्हा मी अजून दोन घरांचा आहे, आणि दुसऱ्या घराचा वाटा हा असा देतो.

३. चुलतभाऊ प्रेमराज यास एक नवे सूप द्यावे. माझ्या वरातीत त्याने घोड्याऐवजी सूप आणा म्हणून आरोळी दिली होती. मी त्याला निम्मे माफ केले आहे. शाळेतल्या गुरुजींना मात्र पूर्ण माफ केले. त्यांनी ‘वाण्याच्या पोराला शोभेल असे’ म्हणून हजेरीत परस्पर सुरेश लिहिले. मी सुरेशला हजर म्हणालो नाही. सहा दिवस समोर बसून गैरहजर राहिलो, तेव्हा कुठे सुपडू लिहिले. लोकांनी मला जन्मभर नावे ठेवली, पण माझे नाव एकट्या भिकुबाईनेच ठेवले होते आणि मला ते पुरले.

४. पारोळ्याच्या किल्ल्याजवळचा माझा प्लॉट नातू चि. बाळ, वय एकोणीस दिवस, सध्या मुक्काम जळगावच्या दवाखान्यातील काचेची पेटी, यास मिळावा. तो सातव्या महिन्यातच आला. आमच्या दुकानातला पितळी तांब्या त्याच्याहून जड भरेल. त्याच्या पायाच्या पट्टीवर ‘बेबी ऑफ विधी’ एवढेच लिहिले आहे. विधी माझी सून. मननने फोनमधून अकरा नावे काढून ठेवली आहेत, कोणाचीच नसलेली. पण विधी म्हणते, घरी आला की ठेवू.

चौथ्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात तिच्याशी वाद घातला. आजच नाव ठेवा म्हणालो. ती म्हणाली, ‘‘पप्पाजी, नाव ठेवलं आणि तो गेला, तर मी त्या नावाचं काय करू?’’ मी चुकीच्या वेळी आवाज चढवला, त्याबद्दल इथे लेखी माफी मागतो.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. माझी आई शेवटच्या आठवड्यात भिंतीकडे बघून कोणाला तरी बोलवायची. मी म्हटले, आई, कोण पाहिजे? म्हणाली, ‘‘ते दोघं.’’ माझे थोरले भाऊ. तिला हाक मारायची होती, ओठ उघडायचे, आणि पुढे काही यायचे नाही. त्यांना नावेच नव्हती. साठ वर्षे तिने त्यांना पोटात ठेवले, पण तोंडाने बोलवता आले नाही. विधी बेटा, तो गेला तर नावाचे काय करायचे, तर हाक मारायची. आणि राहिला तरी तेच करायचे.

वकीलसाहेब म्हणाले, ‘‘भाऊ, वारस तुमच्या आधी गेला तर प्लॉट कोणाला, तेही लिहावं लागतं.’’ म्हणून लिहितो: तसे झाल्यास प्लॉट मननला. नाव मात्र कोणी परत घेऊ नये.

सुपडू ठेवा असे मी म्हणत नाही. नाव आईबापांनी निवडावे.

५. बाळाच्या वॉर्डात फरशी पुसणाऱ्या भागाबाईंना दुकानातला त्यांच्या पसंतीचा हंडा द्यावा. त्या रोज पेटीजवळ उभ्या राहून म्हणतात, ‘‘उठ रे काचरू, तुनी माय उनी शे,’’ म्हणजे तुझी आई आली. पहिल्या दिवशी विधीला कचरू ऐकू आले आणि ती रागावली. भागाबाई म्हणाल्या, ‘‘कचरू नही वं माय, काचरू. काचमा शे ना तो.’’ सुपातला सुपडू, तर काचेतला काचरू. त्यांनी कोणाला विचारले नाही, भिकुबाईनेही विचारले नव्हते.

हे लिहिलेले आज दुपारी दवाखान्याच्या बाकावर विधीने वाचले. वाचून झाल्यावर माझ्याकडे पेन मागितले. मी म्हणालो, मननची अकरा आहेत, त्यातले घे, घाई नको. ती म्हणाली, ‘‘त्या अकरांपैकी एकालाही तो डोळे उघडत नाही, पप्पाजी. कोणी नसताना मी सगळी म्हणून पाहिली आहेत.’’

वरील मजकूर मी वाचला, समजून-उमजून दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमक्ष केल्या.

(सही) सुपडूलाल इंदरचंद छाजेड

साक्षीदार:
१. (सही) चुडामण उखर्डू पाटील, शेजारी, पारोळा
२. (सही) डॉ. कुंदन चिंधा महाजन, जळगाव. सही करणारे शुद्धीवर व शांत आहेत, हे मी तपासले.

स्थळ: जळगाव
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

खाडाखोड एक: कलम ४, पहिल्या ओळीतील ‘बाळ’ हा शब्द खोडून ‘काचरू’ असे लिहिले आहे. अक्षर विधीचे. मला मान्य. सु. इं. छा.