सीताबर्डीच्या रस्त्यावरचा पणजोबा

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागवायची सवयच मोडली होती. महिनाभरात ती पुन्हा लागली. आपल्या इतवारीतल्या स्टुडिओत काउंटरमागे सीताबर्डीचा तो फोटो होता, इंग्रजांच्या काळातला, कुण्या साहेबानं काढलेला. रिकामा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं आणि मधोमध पागोटं बांधलेला, काठी घेतलेला एक माणूस. मी चौथीत होते. तुम्ही मला स्टुलावर उभं केलंत आणि म्हणालात, "हा माहा आजा. साहेबापुढे उभा हाय, पण मान खाली हाय का, पाह्य." मान खाली नव्हती. मग ऊन कुठून येतंय, पाटीवर काय लिहिलंय, कोण कुणाकडे बघतंय, हे सगळं तुम्हीच मला शिकवलंत. पुढे जुने फोटो वाचणं हेच माझं काम झालं.

नागपूरच्या जुन्या रस्त्यांवरचं माझं पुस्तक छापायला गेलं होतं. मुखपृष्ठावर तो. पहिलं प्रकरण सबंध त्याच्यावर, त्या न झुकलेल्या मानेवर. आणि गेल्या महिन्यात संग्रहालयात एक अल्बम माझ्यासमोर आला, त्याच साहेबाचा. त्यात कामठीच्या बाजारात हाच माणूस उभा. जबलपूरच्या घाटावरही हाच, तेच पागोटं, तीच काठी. तो साहेबाचा नोकर होता. इमारत किती उंच, ते बघणाऱ्याला कळावं म्हणून साहेब जिथे जाईल तिथे त्याला उभा करायचा. हलू नको म्हटलं होतं, म्हणून तो ताठ होता. मी त्या ताठपणावर अख्खं प्रकरण लिहून बसले होते. पुस्तक थांबवायला मला स्वतः प्रकाशकाला फोन करावा लागला.

तुम्हीही फसला असाल, अशी मी मनाची समजूत घातली होती. आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती, मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "त्याईले माहीत होतं वं. दुसऱ्या फोटोतही हाच माणूस हाय, हे त्याईनंच मले दाखवलं होतं. वर्गातल्या पोरींच्या घरी पणज्याचे फोटो हायेत, आपल्याच घरी काहून नाही म्हणून तू रडून राहिली होती. मंग हाच आपला, म्हणाले. हसून राहिले होते."

हसत होतात, बाबा. रडणाऱ्या पोरीची समजूत काढलीत, तिथवर ठीक आहे. पण मी मोठी झाले, याच विषयात शिकले, त्या माणसावर भाषणं दिली, तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात. तेव्हा का नाही सांगितलंत? मला बघायला शिकवलंत आणि एवढं एकच बघू दिलं नाहीत. हे मला माफ करता येत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे, म्हणून सांगते. स्टुडिओतून घरी आणलेला तो फोटो मी भिंतीवरून काढला नाही. त्यातल्या माणसाच्या मागे, दुकानाच्या कडेला, एक पुसट डाग आहे. त्या काळी कॅमेऱ्यापुढे जो थांबला नाही, तो असाच उमटायचा. डोक्यावर गाठोडं असावं, चाल घाईची. साहेबासाठी तो थांबला नव्हता. काल लेकीनं त्या डागावर बोट ठेवून विचारलं, "हे कोण गं? आपलं कुणी?" "हाच आपला," असं ओठांवर आलं होतं, बाबा. मी लगेच नाही म्हटलं नाही.