बंद कारखान्याच्या फाटकावरील अंगठा

प्रति,
मा. साहाय्य अधिकारी,
बेरोजगार कामगार साहाय्य कक्ष,
देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली.

विषय : अर्जदार कामावर नसून केवळ हजर असल्याबाबत.
संदर्भ : साहाय्य नामंजूर केल्याचे आपले दि. ३ जूनचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार सोमारी कोलू उसेंडी ही अगरबत्तीच्या काड्यांच्या कारखान्यात अकरा वर्षे बांबू चिरत होती. गेल्या नोव्हेंबरात कारखाना बंद पडला. त्या दिवशी मुकादम बापूजी फाटकावर म्हणाले, "बाई, चार दिवसांत सुरू होते. तोवर अंगठा मारत राहजो, नाई त नाव कटन." तेव्हापासून अर्जदार रोज सकाळी सातला निघून चार किलोमीटर चालत जाते, चौकीदाराच्या खोलीबाहेरील हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवते आणि परत येते. बापूजी पुन्हा दिसले नाहीत.

२. सोबतच्या सोनीबाई, कमळा वगैरे बाया जानेवारीत तेलंगणात मिरची तोडायला गेल्या. नाव कटेल म्हणून अर्जदार गेली नाही. आता त्या बायांना आपले साहाय्य मंजूर झाले. अर्जदाराचे मात्र नामंजूर, कारण आपल्या संगणकानुसार ती सात महिने एकही खाडा न करता कामावर आहे. खिडकीवरील साहेबांनी त्याबद्दल तिचे कौतुकही केले.

३. काम चालू असताना बांबूने अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असत. मशीन तीन-तीनदा नाकारी आणि उशीर झाला म्हणून अर्धी हजेरी कापली जाई. आता पहिल्याच वेळी हिरवा दिवा लागतो. रेषा भरून आल्या आहेत. हाताला काम नाही याचा एवढाच पुरावा अर्जदाराकडे आहे, तो कृपया तपासावा.

४. अर्जदारास राग नाही. आधी रडू येई, आता तेही येत नाही. सात वाजले की पाय निघतात, इतकेच. 'तुझे काम गेले' असे तिला आजवर कोणीही कळवलेले नाही. साहाय्य नियमात बसत नसेल तर राहू द्यावे, पण तेवढे एक वाक्य शिक्क्यानिशी लिहून द्यावे, म्हणजे ती उद्यापासून जाणार नाही.

सोबत : नामंजुरीचे पत्र, सात महिन्यांच्या हजेरीचा उतारा (खाडे : निरंक).

आपली नम्र व रोज हजर,

(उजव्या अंगठ्याची निशाणी)
सोमारी कोलू उसेंडी
दि. १९ जून २०२५

टीप : अर्जदारास सही करता येते. रेषा दिसाव्यात म्हणून अंगठा उठवला आहे.